पोर्टेबल सिंथेसायझरचा अंगभूत स्पीकर बदलताना : एक प्रकरण अभ्यास

दुरुस्तीसाठी आलेले वाद्य ३७ लहान पट्ट्यांचा, सहा सेलवर चालणारा एक पोर्टेबल सिंथेसायझर होते. त्याच्या डाव्या कोपऱ्यात जाळीखाली एकच अंगभूत स्पीकर बसवलेला होता. वाद्य ज्या तरुण वादक मुलीचे होते, तिने तक्रार मोजक्या शब्दांत सांगितली : "काका, खर्जातले सूर वाजवले की आवाज फाटतो आणि मधूनच एकदम बंद पडतो. हेडफोन लावला तर सगळं स्वच्छ ऐकू येतं." स्पीकरच गेला आहे अशी तिची खात्री झालेली होती. त्यामुळे जाळीवरून मोजपट्टीने अंदाज घेऊन तेवढ्याच व्यासाचा एक नवा स्पीकर तिने सोबत आणला होता आणि तो फक्त जोडून द्यावा एवढेच तिचे म्हणणे होते. तिचे निदान पुढे बरोबर ठरले. पण ते अपुरे होते आणि हे अपुरेपण माझ्याही लक्षात उशिरा आले, म्हणून हे प्रकरण सविस्तर नोंदवावेसे वाटते.

हेडफोनमधील स्वच्छ आवाज हा पुरावा उपयोगी असला, तरी त्यातून जेवढे सिद्ध होते तेवढेच मानले पाहिजे. बहुतेक पोर्टेबल सिंथेसायझरमध्ये ध्वनिनिर्मिती आणि आवाजाचे नियंत्रण झाल्यावर सिग्नलला दोन वाटा फुटतात. एक वाट हेडफोनच्या छोट्या ॲम्प्लिफायरकडे जाते आणि दुसरी स्पीकर चालवणाऱ्या स्वतंत्र ॲम्प्लिफायरकडे. हेडफोन स्वच्छ वाजतो याचा अर्थ फाटा फुटण्यापूर्वीचा सगळा भाग निर्दोष आहे, एवढाच होतो. स्पीकरचा ॲम्प्लिफायर, त्याचा वीजपुरवठा, हेडफोन खुपसताच स्पीकर बंद करणारा जॅकमधील स्विच, तारा, कनेक्टर आणि शेवटी स्पीकर हे सगळे संशयित म्हणून उरतात. जॅकमधील स्विचचे संपर्क गंजले किंवा सैल झाले, तरी आवाज मधूनच जातो, आणि अशा वेळी नवा स्पीकर बसवूनही काही फरक पडत नाही. म्हणून पहिल्या पाच मिनिटांत मी जॅकमध्ये प्लग दहाबारा वेळा आतबाहेर केला आणि स्पीकर वाजत असताना रिकाम्या जॅकच्या कडेला हलका दाब देऊन पाहिला. आवाजात काहीच फरक पडला नाही.

सेल काढून घेऊन मगच वाद्य उघडले. तळाचे स्क्रू दोन लांबींचे होते. कोणता स्क्रू कोणत्या छिद्रातला, हे कागदावर वाद्याची आकृती काढून आणि प्रत्येक स्क्रू तिच्यात जागच्या जागी टोचून ठेवले, कारण लांब स्क्रू आखूड स्क्रूच्या जागी गेला तर वरच्या कव्हरला आतून फुगवटा येतो किंवा चीर जाते. तळ आणि वरचा भाग यांच्यामध्ये एक चपटी रिबन केबल होती. अशी केबल ओढून काढायची नसते. आधी तिच्या कनेक्टरची खिट्टी नखाने उचलावी लागते आणि मग केबल आपोआप सुटते. स्पीकरच्या लाल आणि काळ्या तारा मात्र दोन पिनांच्या साध्या कनेक्टरने बोर्डाला जोडलेल्या होत्या, त्यामुळे स्पीकर वेगळा करून तपासणे सोपे झाले.

स्पीकरकडे वळण्याआधी मी ॲम्प्लिफायर तपासला. हा क्रम मी आग्रहाने पाळतो, कारण ॲम्प्लिफायरच्या टोकांवर स्थिर डीसी व्होल्टेज येत असेल तर तो दोष जुन्या स्पीकरबरोबर नव्या स्पीकरलाही जाळतो. स्पीकरच्या जागी ३.९ ओहमचा, ५ वॉटचा रेझिस्टर जोडला, सेल घातले आणि कोणताही सूर न वाजवता मोजमाप घेतले. सेलवर ८.९ व्होल्ट होते आणि स्पीकरच्या दोन्ही टोकांवर ग्राउंडच्या तुलनेत प्रत्येकी सुमारे ४.३ व्होल्ट मिळाले. पहिल्यांदा हे आकडे पाहणारा माणूस दचकतो, पण सेलवर चालणाऱ्या वाद्यांत ही रचना नेहमीची आहे. कमी व्होल्टेजमधून जास्त शक्ती काढण्यासाठी स्पीकर दोन ॲम्प्लिफायरच्या मध्ये पुलासारखा जोडलेला असतो, एक टोक वर जाते तेव्हा दुसरे खाली येते, आणि शांत असताना दोन्ही टोके पुरवठ्याच्या साधारण निम्म्यावर थांबतात. अशा रचनेत स्पीकरचे कोणतेही टोक ग्राउंड नसते, त्यामुळे ऑसिलोस्कोपची ग्राउंड क्लिप किंवा एखादी चुकार तार तिथे लावली तर ॲम्प्लिफायरची आयसी, म्हणजे त्याची चिप, क्षणात जाऊ शकते. महत्त्वाचा असतो तो दोन टोकांमधला फरक. तो इथे १४ मिलिव्होल्ट होता, म्हणजे काळजीचे कारण नव्हते. तोच फरक १ व्होल्ट असता, तर साडेतीन ओहमच्या कॉइलमधून सूर वाजत नसतानाही जवळपास ०.३ ॲम्पिअर प्रवाह सतत वाहिला असता.

त्यानंतर रेझिस्टर काढून माझ्या पेटीतला ४ ओहमचा चांगला स्पीकर लांब तारांनी जोडला आणि तिला तेच खर्जातले सूर वाजवायला सांगितले. आवाज स्वच्छ आला, बोर्ड हलवून पाहिला तरीही. ॲम्प्लिफायर, जॅक आणि तारा निर्दोष ठरल्या आणि आता उरला होता तो स्पीकरच.

चार स्क्रू काढून जुना स्पीकर हातात घेतला. त्याच्या चुंबकाच्या पाठीवर ४ ओहम आणि ३ वॉट असे छापलेले होते. मल्टीमीटरची दोन टोके एकमेकांना लावल्यावर ०.२ ओहम दिसत होते. ते वजा जाता कॉइलचा रोध ३.४ ओहम भरला. ४ ओहमच्या स्पीकरची कॉइल डीसीवर ४ पेक्षा थोडी कमीच दाखवते, त्यामुळे हा आकडा योग्य होता आणि केवळ एवढ्यावर थांबलो असतो तर स्पीकर चांगला असल्याचा निष्कर्ष काढून मोकळा झालो असतो. पण मीटर तसाच जोडून ठेवून कागदी पडदा दोन बोटांनी हळूच आत दाबला तेव्हा आकडा नाचू लागला आणि एका जागी मीटरने सर्किट तुटल्याचे दाखवले. बोट उचलताच पुन्हा ३.४. पडद्यावरच्या ज्या ठिपक्याला बारीक लवचीक विणलेली तार चिकटवलेली असते, तिथेच तिचे बहुतेक धागे तुटले होते. ही तार प्रत्येक कंपनाबरोबर वाकते आणि वर्षानुवर्षांच्या वाकण्याने नेमकी चिकटवलेल्या कडेला थकते. आवाज मधूनच बंद पडण्याचे कारण इथे मिळाले.

केवळ तारच तुटलेली असती तर मी स्पीकर बदलला नसता. विणलेली नवी तार लावणे नाजूक असले तरी अशक्य नाही, आणि मूळ स्पीकर वाचवता आला तर वाद्याचा मूळ आवाजही टिकतो. पण फाटणाऱ्या आवाजाचा उलगडा तारेने होत नव्हता. स्पीकर कानाशी धरून पडदा पुन्हा सावकाश आतबाहेर केला तेव्हा एका बाजूने बारीक खरखर ऐकू आली, वाळूवरून कागद ओढावा तशी. कॉइल घासत होती. स्पीकरची कॉइल चुंबकाच्या दोन ध्रुवांमधल्या अरुंद वर्तुळाकार फटीत दट्ट्यासारखी पुढेमागे होते. राइस आणि केलॉग यांनी १९२५ साली आपल्या शोधनिबंधात मांडलेली ही रचना आजच्या छोट्या स्पीकरमध्येही मूलतः तीच आहे. फट जितकी अरुंद, तितके चुंबकीय क्षेत्र प्रभावी, म्हणून कॉइलच्या दोन्ही अंगांना मोकळी जागा मिलिमीटरच्या काही दशांशांइतकीच ठेवलेली असते. तेवढे अंतर एका बाजूने कमी झाले की कॉइल घासू लागते, आणि खर्जातल्या सुरांना पडद्याची हालचाल सर्वांत मोठी असल्यामुळे घासणे आधी तिथे ऐकू येते. घासणारी कॉइल पुन्हा केंद्रात आणण्याचा खात्रीशीर उपाय या आकाराच्या स्पीकरला नाही. स्पीकर बदलायचा हे मी इथे ठरवले.

तिने आणलेला स्पीकर ८ ओहमचा होता आणि "ओहम जुळत नाहीत म्हणजे चालणारच नाही का?" असे तिने विचारले. या प्रश्नाचे उत्तर सरसकट देता येत नाही. ४ ओहमच्या जागी ८ ओहम लावल्याने ॲम्प्लिफायरला धोका नसतो, उलट त्याच्यावरचा भार हलका होतो. ॲम्प्लिफायर २.८३ व्होल्ट देत असेल तर ४ ओहममध्ये २ वॉट आणि ८ ओहममध्ये १ वॉट शक्ती जाते, म्हणजे ३ डेसिबलची घट. ती ऐकू येते, पण फार मोठी वाटत नाही. धोका आहे तो उलट अदलाबदलीत. ८ ओहमसाठी आखलेल्या ॲम्प्लिफायरला ४ ओहमचा स्पीकर लावला तर प्रवाह दुप्पट मागितला जातो, आयसी तापते आणि सेलही लवकर संपतात. शिवाय आवाजाची पातळी एकट्या ओहमवर ठरत नाही. स्पीकर किती संवेदनशील आहे, म्हणजे तेवढ्याच शक्तीतून किती डेसिबल देतो, यालाही तितकेच महत्त्व आहे. जाड रबरी कडा आणि जड पडदा असलेला ८४ डेसिबलचा स्पीकर हलक्या कागदी पडद्याच्या ८८ डेसिबलच्या स्पीकरइतका वाजायला अडीचपट शक्ती मागतो, आणि सेलवरच्या वाद्यात ती शिल्लक नसते. दिसायला भारदस्त स्पीकर अशा वाद्यात अनेकदा मिणमिणता वाजतो तो यामुळेच.

तिचा स्पीकर शेवटी बाद झाला तो या कोणत्याही कारणाने नव्हे. त्याचे चुंबक जुन्यापेक्षा ९ मिलिमीटर खोल होते आणि वाद्य बंद करताना ते थेट पट्ट्यांखालच्या संपर्क-बोर्डावर टेकत होते. व्यास जाळीवरून मोजता येतो, खोली वाद्य उघडल्याशिवाय कळत नाही. म्हणूनच स्पीकर आणण्याआधी वाद्य उघडून चार मापे घ्यावीत असे मी सांगत असतो : कडेचा बाहेरचा व्यास, स्क्रूच्या छिद्रांमधले कर्णातले अंतर, कडेपासून चुंबकाच्या पाठीपर्यंतची खोली, आणि चुंबकाच्या मागे उरलेली मोकळी जागा. या मापांवरून ४ ओहमचा, ३ वॉटचा, कागदी पडद्याचा आणि जुन्याइतकाच उथळ स्पीकर मिळवला.

तारा सोडवण्यापूर्वी लाल तार कोणत्या पट्टीवर आहे ते टिपून ठेवले. नव्या स्पीकरवर प्लसची खूण होती, तरी दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवून खात्री केली. सेलचे प्लस स्पीकरच्या प्लसला लागल्यावर पडदा बाहेरच्या दिशेने उसळतो. एकच स्पीकर असलेल्या वाद्यात प्लस-मायनस उलटले तरी कानाला फरक कळत नाही, पण दोन स्पीकरच्या वाद्यात एक उलटा लागला तर दोन्ही पडदे परस्परविरुद्ध हलतात आणि खर्ज जवळजवळ नाहीसा होतो. एकदा सवय लागली की कोणत्याही वाद्यात चूक होत नाही.

सोल्डरिंगचे काम दोन डागांचे होते, पण त्यात एक मेख असते. ज्या पितळी पट्टीवर बाहेरची तार जोडायची, तिच्याच दुसऱ्या टोकाला पडद्याकडे जाणारी विणलेली तार आधीच जोडलेली असते. सोल्डरिंग आयर्न पट्टीवर रेंगाळले तर आतला डाग वितळतो आणि त्याहून वाईट म्हणजे वितळलेले सोल्डर विणलेल्या तारेत वातीसारखे चढते. तेवढा भाग ताठ होतो आणि जी तार वाकण्यासाठीच बनवलेली असते ती काही महिन्यांत त्या ताठ जागेच्या कडेला तुटते. म्हणून तारेच्या टोकाला आधीच सोल्डर लावून घेतले, पट्टीवर बाहेरच्या अर्ध्या भागात थोडे सोल्डर दिले, आणि ३५० अंशांवरचे टोक दोन सेकंद टेकवून लगेच उचलले. हे करताना पडद्यावर जाड पुठ्ठ्याची चकती ठेवली होती. स्पीकरचे चुंबक लोखंडी स्क्रूड्रायव्हरला अनपेक्षित जोराने ओढते आणि हात जरासा सुटला तर त्याचे टोक सरळ कागदातून आरपार जाते. टेबलही आधी ओल्या फडक्याने पुसून घेतले होते, कारण लोखंडाचा एखादा कीस चुंबकाच्या फटीत शिरला की तो बाहेर काढणे फार कठीण असते.

नवा स्पीकर टेबलावर ठेवूनच वाजवून पाहिला, तेव्हा तो अगदी स्वच्छ वाजला. मग तो जागेवर बसवला, चारही स्क्रू आवळले, वाद्य बंद केले आणि तिच्या हाती दिले. तिने खालची पट्टी दाबली आणि तीच खरखर पुन्हा ऐकू आली, जुन्याहून मंद, पण निःसंशय तीच.

त्या क्षणी नव्या स्पीकरलाच दोष देण्याचा मोह झाला, हे प्रामाणिकपणे नमूद केले पाहिजे. पण तोच स्पीकर दहा मिनिटांपूर्वी टेबलावर निर्दोष वाजला होता आणि मधल्या काळात त्याच्या बाबतीत बदललेली गोष्ट एकच होती : तो चार स्क्रूंनी वाद्याच्या अंगाला जखडला गेला होता. वाद्य पुन्हा उघडले, तिला खालचा सूर धरून ठेवायला सांगितले आणि एकेक स्क्रू पाव फेरा सैल करत गेलो. पहिल्या तीन स्क्रूंना काहीच झाले नाही. चौथा, वाद्याच्या बाहेरच्या कोपऱ्यातला स्क्रू पाव फेरा सुटताच खरखर थांबली. पुन्हा आवळला, पुन्हा सुरू झाली. आम्ही दोघांनी हे चार वेळा करून पाहिले.

स्पीकर काढून त्या कोपऱ्यातला प्लॅस्टिकचा खांब भिंगातून पाहिला. तो बुडाशी कधीतरी तडकला होता आणि कोणीतरी त्याला गोंदाने परत चिकटवले होते. चिकटवताना गोंदाचा थेंब खांबाच्या माथ्यावर वाळला होता आणि खांब बाकीच्या तिघांपेक्षा सुमारे एक मिलिमीटर उंच झाला होता. स्पीकरची चौकट पातळ पत्र्याची असते. तिची तीन टोके एका पातळीत आणि चौथे एक मिलिमीटर वर असताना स्क्रू आवळला की चौकट पिळली जाते, तिच्याबरोबर पडदा आणि कॉइल यांचा अक्ष कलतो आणि दशांश मिलिमीटरची मोकळी जागा एका बाजूने संपते. मी तिला विचारले तेव्हा तिला आठवले, की हे वाद्य तिने दुसऱ्याकडून घेतले होते आणि त्या आधीच्या वादकाच्या हातून ते एकदा कोपऱ्यावर पडले होते. म्हणजे जुना स्पीकर पडल्यामुळे थेट बिघडला नव्हता. पडल्यानंतर केलेल्या दुरुस्तीने त्याला पिळून धरले होते आणि तो घासत घासत बिघडला होता. मी फक्त भाग बदलून वाद्य परत केले असते तर नवा स्पीकरही त्याच वाटेने गेला असता.

गोंदाचा थेंब कानशीने घासून काढला आणि स्टीलची पट्टी कडेवर उभी धरून चारही माथे एका पातळीत आहेत का ते पाहिले. बुडाचा तडा दोन भागांच्या इपॉक्सीने भरला आणि तो पूर्ण कडक होण्यासाठी एक दिवस जाऊ दिला. या बाबतीत घाई करू नये, कारण बोटाला कोरडे लागणारे इपॉक्सी आतून मऊ असू शकते आणि स्क्रूच्या ओढीने खांब पुन्हा सरकतो. स्पीकरच्या कडेखाली मऊ फोमची पातळ चकतीही घातली. ती उंचीतला बारीकसारीक फरक सामावून घेते आणि पडद्याच्या पुढचा आवाज कडेच्या फटीतून मागच्या आवाजात मिसळून खर्ज कमी होतो, तेही थांबवते. प्लॅस्टिकच्या खांबात स्क्रू बसवताना तो आधी उलटा फिरवावा. जुन्या आट्यांत तो टक् करून खाली बसल्याचे बोटाला कळते, आणि त्यानंतरच सुलटा फिरवावा. तसे न केल्यास प्रत्येक दुरुस्तीत नव्या आट्या कापल्या जातात आणि खांब लवकरच पोकळ होतो. चारही स्क्रू समोरासमोरच्या जोड्यांनी, थोडेथोडे करत आवळले.

तपासणीसाठी सिंथेसायझरहून चांगले साधन नाही, कारण तो स्वतःच हवा तो सूर देतो. साइन लहर, म्हणजे वरच्या स्वरलहरी नसलेला शुद्ध सूर, निवडली, फिल्टर बाजूला ठेवला आणि ५० हर्ट्झपासून १००० हर्ट्झपर्यंत अगदी सावकाश वर गेलो. साध्या गाण्यात लपणारी खरखर शुद्ध साइन लहरीत लपत नाही. कॉइलचा कोणताही आवाज आला नाही, मात्र २०० हर्ट्झच्या थोडे पुढे एक वेगळीच किरकिर सापडली. जाळीवर बोट ठेवले तरी ती जात नव्हती आणि तळावर तळहात दाबला की जात होती. रिबन केबलची मोकळी घडी तळाला लागून थरथरत होती. तिच्याखाली फोमचा तुकडा चिकटवल्यावर सगळा पल्ला शांत झाला.

वाद्य परत देताना खर्जाबद्दल तिच्याशी सविस्तर बोललो. सप्तक उतरवायचे बटण दाबून ती ३२.७ हर्ट्झपर्यंत जात असे आणि आवाज पूर्ण वर ठेवत असे. एवढ्या लहान स्पीकरकडून तो मूळ सूर प्रत्यक्षात ऐकू येतच नाही. ऐकू येतात त्या त्याच्या वरच्या स्वरलहरी, आणि आपला कान त्यांच्यावरून खालचा सूर ओळखून घेतो. तेवढ्याच जोरात एक सप्तक खाली वाजायचे तर पडद्याला चौपट अंतर हलावे लागते आणि एवढी हालचाल ८ सेंटीमीटरच्या पडद्याजवळ नसते. सरावासाठी अंगभूत स्पीकर उत्तम, पण खर्जाची भूमिका वाजवायची असेल तेव्हा लाइन आउटमधून मोठ्या ॲम्प्लिफायरकडे जावे, हे तिला पटले.

जुना स्पीकर तिने माझ्याकडेच ठेवायला सांगितला. ती गेल्यावर मी त्याचा पडदा कडेने कापून कॉइल अलगद वर उचलली. कॉइलच्या नळकांड्यावर सगळीकडे तांबूस-तपकिरी वार्निश होते, फक्त एका बाजूला नखाएवढ्या पट्टीत ते पूर्ण घासले जाऊन आतले तांबे लखलखत होते. वाद्यातली त्याची जागा आणि तारांची दिशा आठवून स्पीकर मूळ स्थितीत धरला, तेव्हा ती चकाकती पट्टी बरोबर चौथ्या खांबाच्या कर्णरेषेवर आली.